कांगडीवर वाळवलेला गॉगल

सोनाउल्लाला घरात बाकी कशाचं काही वाटायचं नाही. भाजी खारट झाली तर मुकाट्याने खायचा, चहा निवला तर निवलेला प्यायचा, अंगातल्या लांब फेरनचं बटण तुटलं तर वर्षभर तसाच हिंडायचा. गॉगलचा विषय निघाला की मात्र हा माणूस नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

हिवाळाभर संध्याकाळी गुलमर्गहून यावर नावाच्या दुकानदाराची जीप खाली टंगमर्गला यायची आणि सोनाउल्लाच्या बायकोच्या, ताजाच्या, ओसरीवर गोणी टाकून जायची. गोणीत यावरच्या दुकानातले, बर्फावर खेळायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचे गॉगल. दिवसभर कुणाकुणाच्या तोंडावर बसलेले, घामाने आणि मलमाने चिकट झालेले, फोमला नाना देशांचे वास लागलेले. ताजा ते धुवायची. धुवायची रीत नवऱ्याने शिकवलेली, आणि ती रीत शिकवताना त्याने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला दोनदा रडवलं होतं.

बाहेरची काच आधी नुसत्या पाण्याखाली धरायची, म्हणजे बर्फातली वाळू निघून जाते. तशीच पुसली तर ओरखडे उठतात. मग कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब. आतल्या काचेला बोट लावायचं नाही. तिच्यावर वाफ धरू नये म्हणून लेप दिलेला असतो, तो ओला असताना पुसला की कायमचा निघून येतो. आत पाणी गेलंच तर झटकायचं, मऊ फडक्याने टिपायचं. गॉगल उचलायचा तो कडेने, काचेवर अंगठा उमटता कामा नये. आणि वाळवायचा सावलीत, वाऱ्यावर. बुखारीच्या शेगडीपासून लांब आणि कांगडीपासून त्याहून लांब.

कांगडीचं त्याला फार होतं, आणि त्याचं खरंही होतं. आमच्याकडे थंडीत ज्याच्या त्याच्या फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी असते आणि जे जे ओलं ते ते माणूस तिच्यावर धरतो. मोजे, हातमोजे, भिजलेल्या नोटा, पोराचे लंगोट. दुकानातला नवा गडीही हमखास गॉगल धरायचा. वरून काही दिसत नाही, पण दोन काचांमधला डिंक सुटतो, मधे वाफ शिरते आणि मग ती जन्मात बाहेर निघत नाही. असा भाजलेला गॉगल सोनाउल्ला नुसता उजेडाकडे धरून ओळखायचा.

"कुणाच्या बापाची रोटी आहे का ही?" तो गड्यावर ओरडायचा. "भाजून खायचाय का तुला?"

आणि घरी ताजाला म्हणायचा, "ह्याला कपाळावर कुणी चढवून ठेवला होता? आत घाम सुकलाय बघ. गॉगल म्हणजे काय टोपी आहे?"

"मला काय विचारता? मी घातला होता?"

"तुला नाही विचारत. जगाला विचारतोय."

"मग जगाकडे तोंड करून ओरडा. माझ्या कानाने काय घोडं मारलंय?"

असं चालायचं. ताजा तोंडाने फटकळ असली तरी तिच्या हातून कधी एका काचेला चरा गेला नव्हता, आणि हे सोनाउल्ला सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरायचा. फक्त तिला सांगायचा नाही.

त्याचा स्वतःचा गॉगल एका परदेशी बाईने जाताना दिलेला होता. वाटाड्या म्हणून तिला तो आफरवत डोंगराच्या उतारावरून वादळातून खाली घेऊन आला होता. त्याआधी कितीतरी हिवाळे तो बर्फावर उघड्या डोळ्यांनी हिंडला होता. त्या काळात वरची पोरं डोळ्यांखाली कांगडीची काजळी फासायची आणि तेवढ्यावर भागवायची. संध्याकाळी डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग व्हायची, मग बटाट्याच्या चकत्या बांधून पडायचं. गॉगल मिळाल्यावर तरी डोळे सुखी व्हावेत? पण नाही. पाहुणा आपला गॉगल हॉटेलात विसरून आला की हा आपला काढून द्यायचा आणि दिवसभर डोळे बारीक करून पुढे चालायचा. संध्याकाळी परत घ्यायचा, धुवायचा, टिपायचा, पिशवीत घालायचा. काचेला जेवढं जपलं त्याच्या निम्म्याने जरी त्याने डोळ्यांना जपलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. मला त्याचा अजून राग येतो.

गेल्या वसंतात त्याला धुकं दिसायला लागलं. आधी मधोमध थोडंसं, मग जास्त. टंगमर्गला डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा ताजा त्याला ओढत घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता. त्याने पुष्कळ वेळ तपासलं, सोनाउल्लाला थेंब घालून बाकावर बसवलं आणि ताजाला दाराशी बोलावलं. वाईट बातमी रोग्याला सांगायची नाही, घरच्यांना सांगायची, ही आमच्याकडची पद्धत डॉक्टरही मोडत नाहीत.

"चाची, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता," तो म्हणाला. "हे तसं नाही. बर्फावरच्या उन्हाने पुढचं बुबुळ पांढरं पडलंय आणि मागचा पडदा भाजलाय. मागचं परत येत नाही."

"श्रीनगरला नेलं तर?"

"न्या. मनाचं समाधान होईल. तेही हेच सांगतील."

"दिल्लीला?"

डॉक्टरने मान हलवली. "आता जेवढं दिसतंय तेवढंही राहील असं सांगता येत नाही. डोंगर मात्र बंद करा. तुम्ही घरच्या आहात, तुम्ही समजावून सांगा."

बाकावर सोनाउल्ला गालावर ओघळलेले थेंब पुसत बसला होता. "काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"म्हणाला, थेंब घाला."

"बघ, मी सांगत होतो. डोळ्याला काही नाही. काच खराब झालीय माझी."

ताजा गप्प बसली. भित्री म्हणायचं असेल तर म्हणा तिला. पण ज्या माणसाला डोंगराशिवाय दुसरं काही करता येत नाही, नांगर धरता येत नाही, दुकानात बसलं की ज्याचा जीव गुदमरतो, त्याला बाजारातल्या बाकावर बसून असलं काही सांगायला काळीज दगडाचं लागतं. आज नको, उद्या सांगू, ईद होऊ दे मग सांगू, असं करत तिने उन्हाळा काढला. शरदही काढला.

चिल्लई कलान, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरू झाले, पहिलं मोठं बर्फ पडलं आणि सोनाउल्ला कामावर जायला लागला. रोज सकाळी तो जीपमध्ये बसला की ती दाराला धरून उभी राहायची आणि संध्याकाळी जीपचा आवाज येईपर्यंत तिला घास गिळवत नसे. तो वाटा पायांनी ओळखायचा, उतार पावलाखाली कळायचा, वारा कुठल्या गालाला लागतो त्यावरून दिशा धरायचा. एवढ्यावर किती दिवस निभणार होतं?

एका संध्याकाळी तो परत आला. चहा पुढे ठेवला तर पेल्याशेजारी हात टेकला आणि चाचपून मग पेला धरला. मग म्हणाला, "आज मी चुकीच्या बाजूला वळलो."

"कुठे?"

"वर. दोन घळी फुटतात तिथे. मागून पाहुणा ओरडला म्हणून थांबलो. पुढे काहीच नव्हतं, ताजा. माझ्या पायापुढे नुसती हवा होती, आणि मला सगळं सपाट पांढरं दिसत होतं."

ताजाने पळी खाली ठेवली.

त्याने पिशवीतून गॉगल काढला आणि मांडीवर घेतला. उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला. भाजलेली काच नुसती बघून ओळखणारा माणूस तो. "काच चांगली आहे," तो हळूच म्हणाला. "चरा नाही. लेप शाबूत असावा. मी हिला कधी उन्हात टाकली नाही, कधी पुसली नाही. मग ह्या काचेला झालंय तरी काय? तू सांग. काचेला काही झालं नसेल तर मग..."

तो थांबला. त्याचा चेहरा ताजाने पाहिला. इतक्या वर्षांत तो असा घाबरलेला तिने पाहिला नव्हता. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघू नये एवढंच तिला वाटलं, आणि ती बोलून गेली.

"मी कांगडीवर ठेवला होता."

"काय?"

"तुमचा गॉगल. गेल्या हिवाळ्यात. धुतला आणि वाळेना, तुम्हाला सकाळी लवकर जायचं होतं, म्हणून ठेवला. तुम्ही माराल म्हणून बोलले नाही."

त्याने तिला आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. पण त्या वेळी तो त्यावर काही म्हणाला नाही. आधी त्याने मोठा श्वास सोडला. मग मान वर केली, आणि त्याचा जो आवाज चढला तो शेजारच्या फाजाच्या घरापर्यंत गेला.

"कांगडीवर! दुनियेचे गॉगल जपतेस आणि माझा भाजतेस? अगं, माझा जीव जात होता आज! तुला मी काय शिकवलं? रडवून शिकवलं ना?"

"चुकले."

"चुकले म्हणे! तुला अक्कल आहे की यावरच्या गोणीत घालून पाठवलीस?"

त्या रात्री तो दोन लवासाच्या रोट्या जास्त जेवला. शिव्या घालत घालत जेवला. कित्येक महिन्यांत असा आनंदात तो तिला दिसला नव्हता. ताजा ताटात भात वाढत राहिली आणि मनातल्या मनात अल्लाची माफी मागत राहिली.

दुसऱ्या दिवशी साऱ्या मोहल्ल्याला कळलं. नळावर फाजा तिच्याकडे बघतच राहिली.

"तू? कांगडीवर? मला वेड्यात काढतेस?"

"झाली चूक."

"माझ्या सुनेने सुती फडक्याने काच पुसली तर तू तिची खेटरांनी पूजा केली होतीस! काय गं, खरं सांग, काय लपवतेस?"

"कळशी उचल. तुझी भरलीय," ताजा म्हणाली.

यावरचं बोलणं गोड होतं, पण धंदा तो धंदा. "चाची, थोडे दिवस आराम करा," असं म्हणून त्याने गोणी फाजाच्या सुनेकडे द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी जीप ताजाच्या दारावरून पुढे जायची. तिचे हात रिकामे राहायचे आणि ती ते फेरनमध्ये ओढून घ्यायची.

पण एक गोष्ट झाली. सोनाउल्ला घरी बसला. "नवी काच येईपर्यंत वर जाणार नाही," असं त्याने यावरला स्वतः सांगितलं. "आंधळी काच घालून पाहुण्याचा जीव घेऊ का?" ताजाला वाटलं, आपल्या खोटेपणाने निदान एवढं तरी भलं केलं. गॉगल जुना होता, त्या मापाची काच आता निघत नव्हती. यावरने दिल्लीला विचारलं, आणखी कुठे कुठे विचारलं. "मिळत नाही काक, दुसरा गॉगल घ्या," तो म्हणायचा. पण सोनाउल्लाला हाच हवा होता. ह्या गॉगलची खोबण त्याच्या गालाच्या हाडाला बसली होती. ताजा रोज नमाजानंतर दुवा मागायची की ती काच कुठेच मिळू नये. असली दुवा मागणारी बायको दुसरी नसेल.

आणि काच मिळाली. कुणी ओळखीचा पाहुणा आपल्या देशातल्या एका जुन्या दुकानातून घेऊन आला. यावरने डबा जीपने खाली पाठवला आणि निरोप दिला की हवा उघडलीय, वर मऊ बर्फ आहे, उद्या सकाळी चांगली मंडळी आहेत, काकनेच यावं. संध्याकाळपूर्वी येऊन पक्कं करून जातो.

दुपार होती. बर्फ पडून गेल्यावरचं ऊन अंगणात पडलं होतं, डोळे उघडवत नव्हते. सोनाउल्ला पायरीवर बसला आणि त्याने डबा उघडला. ताजाने हात पुढे केला तर तो म्हणाला, "तू लांब हो. तुझा आणि काचेचा संबंध संपला." पण आता त्या बोलण्यात राग उरलेला नव्हता.

त्याने जुनी काच चौकटीतून सोडवली. नवी काच अगदी कडेला दोन बोटांच्या टोकांनी धरली, अंगठा सुद्धा लागू दिला नाही. चौकटीच्या खाचा नखाने शोधल्या, एकेक कोपरा दाबत आणला, आणि काच टक्क करून बसली. एवढं सफाईने त्याने केलं की ताजा बघत राहिली. मग त्याने पट्टा मागे ओढला, गॉगल डोळ्यांवर बसवला आणि डोंगराकडे तोंड केलं.

आता सगळं कळणार होतं. आता तो गॉगल काढणार, खाली ठेवणार आणि तिच्याकडे वळून विचारणार.

"वा!" सोनाउल्ला म्हणाला.

ताजाला कळेना.

"वा! काच म्हणतात ती ही. सगळं लख्ख! तो बघ फाजाचा पत्रा. ती विजेची तार. देवदारांच्या वर बघ, आफरवतचा माथा, त्याच्यावरून बर्फ उडतंय. वारा असणार वर." तो हसला. "तुझ्या कांगडीने माझा अख्खा हिवाळा खाल्ला गं!"

डॉक्टर पोरगाच होता, चुकला असेल! माणसं चुकत नाहीत का? जुनी काच खरंच खराब असेल, तिला काय माहीत, ती काही डोळ्यांची डॉक्टर नव्हती. तिच्या दुवेपेक्षा त्याची दुवा अल्लाने ऐकली असेल. तिला रडू फुटलं आणि ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याचा चेहरा बघायला.

नव्या काचेवर कारखान्यातलं वेष्टण तसंच होतं. चरा पडू नये म्हणून येतो तो प्लास्टिकचा पापुद्रा, दुधाळ, सगळ्या काचेवर चिकटलेला. त्याच्यावर काळी अक्षरं आडवी छापलेली, एका कोपऱ्यात हवेचा फुगा. काचेला बोट लावायचं नाही ह्या आपल्याच नियमाने त्याने काच बसवली होती, म्हणून बोटांना तो लागला नव्हता. आणि डोळ्यांना तर नाहीच.

"काय बघतेस अशी?" त्याने विचारलं. त्याने तोंड तिच्याकडे नाही, तिच्या जरा बाजूला वळवलं होतं.

हे असंच सोडून द्यावं का? उद्या सकाळी तो जीपमध्ये बसेल. वर दोन घळी फुटतात तिथे जाईल. मागून कुणी ओरडेल, किंवा नाही ओरडणार. ताजाने हात उचलला, कोपऱ्यातला फुगा नखाने उचकटला आणि पापुद्रा ओढला.

चर्र असा आवाज झाला.

तो आवाज सोनाउल्ला ओळखायचा. दुकानात नवे गॉगल आले की कितीतरी काचांवरचे पापुद्रे त्याने स्वतः सोलले होते. त्याच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं. काचेमागचे डोळे हलले नाहीत, बारीक झाले नाहीत. त्यांच्यासाठी काही बदललंच नव्हतं.

"काय होतं ते?" त्याने विचारलं.

त्याने तळहात पुढे केला. तिने पापुद्रा त्याच्यावर ठेवला. त्याने तो अंगठ्याने चाचपला, मुठीत धरला, कानाशी नेऊन चुरगळला.

"हा वर होता?"

"हो."

"सगळ्या काचेवर?"

"हो."

फाजाच्या पत्र्यावरून बर्फाचा थर घसरून खाली पडला. सोनाउल्लाने गॉगल काढला. उघड्या डोळ्यांवर ऊन पडलं तरी त्याने ते मिटले नाहीत.

"तू कांगडीवर ठेवला नव्हतास," तो म्हणाला.

"नाही."

"तुझ्या हातून तसं होणार नाही, हे मला माहीत होतं. तू सांगितलंस त्याच क्षणी माहीत होतं." त्याने नाक ओढलं. "तरी तुला शिव्या घालत हिंडलो. फार बरं वाटायचं गं."

"घाला ना मग," ताजा म्हणाली. ती आता उघड रडत होती. "आणखी घाला. मी कुठे नाही म्हणते?"

त्याने मान हलवली. "डॉक्टरने काय सांगितलं होतं?"

तिने सांगितलं. बुबुळाचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, दिल्लीचंही सांगितलं. सांगून झालं तेव्हा रस्त्यावर जीप थांबली आणि यावरने भोंगा वाजवला.

"जा," सोनाउल्ला म्हणाला. "तू जा. माझ्याच्याने नाही बोलवणार."

ताजा ओढणीने तोंड पुसत फाटकाशी गेली. यावर खिडकीतून वाकला होता. "काय चाची, बसली का काच? काक खूश? सकाळी लवकर पाठवा, मंडळी थांबायची नाहीत."

"उद्या ते येणार नाहीत, यावर."

"बरं, उद्या राहू दे. परवा?"

ताजाने मागे वळून पाहिलं. पायरीवर सोनाउल्ला गॉगल पिशवीत घालत होता, पट्टा बाहेरच्या अंगाला, काच आतल्या अंगाला, कुठे बोट लागू न देता. त्याने पिशवीची नाडी ओढली आणि नेहमीसारखी गाठ मारली.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "आता नाहीच."